मागणं शेवटी

आमच्या आजीमायला देवाकडे मागितलेलं फारसं आवडत नसे. मागूच नये असं तिचं म्हणणं नव्हतं. तिनं स्वतः आयुष्यभर पुष्कळ मागितलं आणि त्यातलं थोडंच मिळालं. पण मागण्याची जागा ठरलेली होती आणि ती शेवटची. संध्याकाळच्या घरभक्तीत आमच्यापैकी कुणी डोळे मिटल्या मिटल्या 'देवबापा, उद्याच्या गणिताच्या पेपरात' असा सूर लावला, की प्रार्थनेच्या मध्येच तिचा आवाज यायचा, "पहिले त्यानं नाव ले. मंग तुन्हं गऱ्हानं सांग." डोळे तिचेही मिटलेलेच असायचे. चूक करणारा कोण हे तिला आवाजावरून कळायचं, आणि चूक करणारा बहुधा एकच असायचा. तो आता बँकेतून निवृत्त झालाय.

आम्ही म्हणजे दोन घरांतली चुलत भावंडं. एक घर धुळ्याला, नंबरानं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत. तिथं आजोबा, आजीमाय आणि आमचे आईवडील. दुसरं जळगावला, मोठ्या बाबांचं. ते रेल्वेत, रोज भुसावळला जाऊन येऊन करायचे. मधे पारोळा, एरंडोल आणि एसटीचा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. सुट्टी लागली की कुठल्या तरी एका घरात सगळ्यांचा मुक्काम पडायचा. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली आमची भक्तीही दोन गावांत वाटली गेली होती: रोजची धुळ्याची, नाताळची बहुतेक जळगावची.

त्यामागे जुना इतिहास होता, तो आम्हाला फार उशिरा कळला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. मिशनऱ्यांनीही साधारण तशीच वाटणी केलेली होती. पूर्वेकडे, जळगाव-भुसावळच्या बाजूला, अमेरिकेतलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. पश्चिमेकडे, धुळे-नंदुरबार-नवापूरकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. नावात स्कँडिनेव्हिया असला तरी हेही मूळ शिकागोचं. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश प्रचारकानं १८९० साली काढलेलं. आमचे आजोबा पश्चिमेकडच्या मिशनच्या शाळेत मास्तर. गावं बदलत, सायकल दामटत त्यांनी नोकरी केली. गोरे साहेब, मिससाहेब, त्यांचे उंच जोत्याचे बंगले हे सगळं त्यांच्या बोलण्यात यायचं. पण भक्ती कशी करावी हे आपण त्यांच्याकडून शिकलो असं ते कधी म्हणाले नाहीत. "उपदेश त्यांचा ऐकला," म्हणायचे, "गुडघे टेकायला तुमच्या आजीमायनं शिकवलं."

घरभक्ती जेवणाआधी. सतरंजी अंथरायची, कंदिलाची काच पुसायची, चूल मंदावून ठेवायची. एक गीत, मग शास्त्रातला एखादा अध्याय, मग प्रत्येक पोरानं पाठ केलेलं एकेक वचन. पवित्र शास्त्रातलं सगळ्यांत लहान वचन योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे, मराठीत जेमतेम दोन शब्दांचं. हा शोध आम्हाला लवकरच लागला आणि एका संध्याकाळी एकामागोमाग एक सगळ्यांनी तेच म्हटलं. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्तोत्र ११९ सुरू झालं, त्याची वचनं एकशे शहात्तर. ते संपायच्या आत उन्हाळ्याची सुट्टी संपली, एवढं आम्हा सगळ्यांना सारखं आठवतं. बाकी आठवणींवर आमचं एकमत होणं कठीणच.

वचनं झाली की प्रार्थना. तिचा क्रम आजीमायचा. आधी देवाची थोरवी. मग उपकार मानायचे, तेही मोघम चालत नसत. 'सर्व आशीर्वादांबद्दल' असं म्हटलं की ती विचारायची, कुठल्या? मग पाऊस, शेजारणीनं दिलेली मेथी, फुईचं आलेलं पत्र असं नाव घेऊन सांगावं लागे. मग चुकांची कबुली, ती मनातल्या मनात, कारण मोठ्यानं केली तर मार बसण्याची शक्यता. मग दुसऱ्यांसाठी मागणं: आजारी, परगावी गेलेले, आणि ज्यांच्याशी भांडण आहे ते. आणि या सगळ्याच्या शेपटीला स्वतःसाठी. तिथवर येईपर्यंत भूक अशी लागलेली असे की गणिताचा पेपर विसरायलाच व्हायचा.

आजीमाय जेमतेम चौथी शिकलेली. पण आपला क्रम कुठून घेतलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रभूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना ती बोटांवर मोजून दाखवायची. पहिलं बोट देवाच्या नावाचं, दुसरं त्याच्या राज्याचं, तिसरं त्याच्या इच्छेचं, आणि भाकर चौथ्या बोटावर. "भाकरीनं नाव चौथं," म्हणायची, "आनि आपन पह्यलेच ताट वाजाडतस." पुढे आमच्यातला एक जण धर्मशास्त्र शिकायला गेला. उपासना म्हणजे काय यावर तिथं मोठमोठे ग्रंथ वाचून आला आणि सुट्टीत आम्हाला सांगू लागला, की उपासनेत माणूस स्वतःला मध्यावरून बाजूला करतो आणि देवाला तिथं ठेवतो. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी चौथं बोट वर केलं.

रविवार मात्र वेगळा. त्याची तयारी शनिवारीच व्हायची: कपडे कोळशाच्या इस्त्रीनं कडक करायचे, दळण शनिवारीच आणायचं, अर्पणाचे पैसे रुमालाच्या गाठीत बांधून ठेवायचे. रविवारी सकाळी पैसे शोधणं आजोबांना अपमानकारक वाटे. 'देवाला उरलंसुरलं द्यायचं नाही' हे त्यांचं वाक्य. आम्ही ते पुढे सासरी-माहेरी सगळीकडे नेलं आणि त्यावरून भांडणंही ओढवून घेतली. पगाराचा दहावा हिस्सा आधी बाजूला निघे. वाण्याची उधारी असली तरीही. यावर आईचं आणि त्यांचं एकदाच वाजलं. आईचं म्हणणं होतं, वाण्याचे पैसे बुडवून दिलेलं दान देवाला तरी कसं रुचेल? आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि त्यानंतर पहिल्या तारखेला आधी वाण्याकडे जाऊ लागले. दशांश मात्र दशांशच राहिला. कमी झाला तो त्यांचा चहा.

चर्चमध्ये एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तर पंख्याकडे बघत बसायचं, कारण खानदेशातला एप्रिल-मे हा स्वतःच एक उपदेश असतो. आमच्या मोठ्या मायनं आयुष्यात एकही उपदेश पुरा ऐकला नसेल. कुणाचंही पोर रडलं की ते काखेत मारून ती बाहेर, निंबाखाली. आपलं असो, परकं असो. खिडकीतून आत चाललेलं गीत ऐकायची आणि पोराला थोपटत बाहेरूनच म्हणायची, तेही सगळी कडवी, पुस्तकाशिवाय. आत बसलेल्या पंचांपैकी निम्म्यांना तिसरं कडवं येत नसे. ती पंच कधी झाली नाही. तशी कुणी सूचनाही केली नाही. त्या पिढीच्या भक्तीबद्दल गहिवरून बोलताना आम्ही पुरुष मंडळी हे सोयीनं विसरतो, म्हणून इथं लिहून ठेवतो: आम्हाला शांतपणे डोळे मिटता यावेत म्हणून कुणीतरी सतत डोळे उघडे ठेवून होतं.

गीतांचं पुस्तक म्हणजे 'उपासना-संगीत'. त्यात दोन तऱ्हेची गीतं: इंग्रजी चालीची आणि देशी चालीची. इंग्रजी चालींना पायपेटी लागे. ती वाजवणारा नसला की चाल वाऱ्यावर सुटायची. देशी चालीला हातपेटी, टाळ आणि ढोलकी पुरे. आजोबांचा जीव देशी चालीवर आणि त्यातही टिळकांच्या रचनांवर. रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षं अहमदनगरला घालवली. अभंग, ओवी, भजन हे सगळं ते बरोबर घेऊन आले आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी दिलं. त्यांच्या आधीही कृष्णराव सांगळ्यांसारखे कीर्तनं करणारे, देशी वळणानं लिहिणारे होतेच. पण टिळकांची गीतं म्हणताना आपण दुसऱ्याच्या घरातली वस्तू उसनी आणली आहे असं वाटत नाही, हे आजोबांचं म्हणणं. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. मिशनची नोकरी शेवटपर्यंत न सोडलेले आमचे आजोबा ही हकिकत सांगताना आवाज जरा खाली आणायचे.

टिळकांशी आपलं, म्हणजे खानदेशाचं, नातं आहे असं ते मानायचे. ते नातं बालकवींमुळे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून त्यांना बालकवी ही पदवी मिळाली. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त तो घरातल्या पोरासारखाच वावरतो. १९१८ च्या मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून तो गेला. मोठ्या बाबांबरोबर आम्ही भुसावळला निघालो की भादली येताच आजोबा टोपी काढायचे. डब्यातल्या लोकांना वाटे म्हातारा उकडतंय म्हणून वारा घेतोय.

आणि घरातली चाल तर पुस्तकाबाहेरचीच होती. जळगावपासून हाकेच्या अंतरावर असोदे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांच्यासारख्या कितीतरी जणी त्या मुलखात जात्यावर ओव्या रचत होत्या. आमची आजीमाय त्याच मुलखातली. पहाटे जात्याशी बसली की तिच्या ओवीत बेथलेहेमचा गोठा यायचा आणि त्यात कडबा, दावं, ढेप सगळं खानदेशी. मरिया बाळंतीण, तर तिला डिंकाचे लाडू कोण देणार, असा तिला पडलेला खरा प्रश्न. यातलं एकही अक्षर कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्यातल्या प्रत्येकाकडे दोन-दोन ओळींचे तुकडे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

शेजाऱ्यांच्या देवाशी आमचं कसं होतं, असं आता मुलं विचारतात. बरं होतं. त्याचं एक उदाहरण मनात पक्कं बसलंय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला साजशृंगार करून चौरंगावर मांडतात, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. पुण्या-मुंबईला गेलेले भाऊबंदही त्यासाठी गावी येतात. त्या दिवशीचे रोट मोजून-मापून मुठीनं घेतलेल्या गव्हाचे, आणि ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. बाहेर द्यायचे नाहीत. आमचा रविवार आणि त्यांचा रविवार एकच. गल्लीत गाणी आणि धावपळ, आणि आम्ही इस्त्रीचे कपडे घालून चर्चला निघालेलो. शेजारच्या काकू एरवी मांडे केले तरी पहिला आमच्याकडे पाठवायच्या. आमच्यातल्या धाकटीनं एकदा त्यांच्या दारात उभं राहून रोट मागितला. काकूंचा चेहरा पडला. देता येत नाही हे त्या लहान पोरीला सांगायचं कसं? आजीमाय मागून आली, पोरीला उचललं आणि म्हणाली, "ते त्यासनं प्रभुभोजन शे, बेटा."

तिला हे कळलं कारण तिच्याही घरात असं एक ताट होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन. भाकरीचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षरस. धुळ्याला द्राक्षरस कुठला? मनुका रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून बायका तो घरीच करायच्या. लाकडी तबकात काचेच्या बारक्या पेल्या, त्यांची किणकिण. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांच्यापुढून तबक तसंच पुढे जायचं. आम्ही पोरं त्या पेल्यांकडे बघत बसायचो आणि मनुकांचा वास नाकात भरून घ्यायचो. आपल्या आईच्या हातून आपल्याला वगळून तबक पुढे जाताना पाहणं सोपं नसतं. पण त्यातून एक उमजलं, ते उपदेशातून उमजलं नसतं: हे खाणं पोटासाठी नाही. ते खाण्याआधी माणसं एकमेकांकडे जाऊन भांडणं मिटवत होती. दोन भावांचा शेताच्या बांधावरून अबोला होता. त्यातला धाकटा कित्येक महिने तबक आलं की मान खाली घालून ते पुढे सरकवायचा. कुणी त्याला अडवलं नव्हतं. ज्या रविवारी त्यानं पेली उचलली त्या रविवारी आजीमायनं घरी गोड केलं.

बाप्तिस्म्यावरून मात्र आमच्याच घरात दोन पंथ. आमच्याकडचा बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं साक्ष देऊन, पाण्यात पूर्ण बुडवून. आई नगरकडची, तिथं तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. आजीमायच्या मते आईचा बाप्तिस्मा 'अर्धा ओला'. आईच्या मते सासरच्यांना देवापेक्षा नदीवर जास्त भरवसा. आमचे बाप्तिस्मे पांझरेत झाले. पावसाळ्यानंतर, पाणी जरा निवळलं की पांढरे कपडे घालून आम्ही काठावर उभे आणि मंडळी गात असलेली. पाळकसाहेब पाण्यात उतरले की लुंगी फुगायची, आणि त्या गंभीर घटकेला हसू दाबणं हीच आमची पहिली ख्रिस्ती तपश्चर्या. पैलतीरावर धोबी थांबून बघायचे. थोरल्या भावाला बुडवताना त्याचा पाय गाळात रुतला आणि तो पाळकसाहेबांना घेऊनच खाली गेला. आजीमायचं म्हणणं, त्या दिवशी पाळकसाहेबांचाही दुसऱ्यांदा झाला.

सुगीनंतरचा कापणीचा सण हा आमचा सगळ्यांत आवडता. नाताळपेक्षाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं. वेदीपुढे दादर ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भरताची हिरवी वांगी, केळीचे घड, उडदाची गाठोडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडणारी. ज्यांना शेत नाही ते शिवलेलं, विणलेलं काही आणत. रेल्वेतल्या मोठ्या बाबांनी एका वर्षी पितळी कुलूप आणलं. उपासना संपली की बाहेर लिलाव. त्यात भाव पडायचा नाही, चढायचा. दहा पैशांचं लिंबू दोन रुपयांना जाई, आणि घेणारा ते पुन्हा वेदीसमोर नेऊन ठेवी, पुन्हा लिलाव. एकच लिंबू चार हातांतून फिरून संध्याकाळी कुणाच्या तरी वरणात पडायचं. बाजारात पै-पैसाठी घासाघीस करणारे आमचे आजोबा तिथं असे उधळे व्हायचे की आजीमाय त्यांचा सदरा मागून ओढून धरी.

१९७२ च्या दुष्काळातही तो सण झाला. तो आम्हाला सर्वांत स्पष्ट आठवतो. शेतं उजाड, मंडळीतली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. सण करायचा की नाही यावर पंचांत वाद झाला. कापणी नाही तर कापणीचा सण कसला, असं म्हणणारे चुकीचं बोलत नव्हते. शेवटी तारीख ठरली. त्या रविवारी वेदीपुढे काय होतं? रेशनच्या मिलोचा एक डबा. दोन-तीन घरांतली अंडी. कुणीतरी खडीचा एक दगड आणून ठेवला होता, फोडलेला, धारदार. त्यावर कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय वाचला. अंजिराला फुलोरा नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा आशय. हा अध्याय आम्ही आधीही ऐकला होता, सुकाळात. सुकाळात तो सुंदर वाटतो. त्या दिवशी बायकांच्या बाजूनं हुंदके आले, आणि मागच्या बाकावरचा एक खडी फोडणारा गडी, पाळकसाहेबांचं वाचन मध्येच तोडून, मोठ्यानं म्हणाला, "आनंद होत नाही, साहेब. पण आलो आहे."

पाळकसाहेब थांबले. 'आमेन' म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

उपासना म्हणजे काय याची आम्ही ऐकलेली ही सर्वांत प्रामाणिक व्याख्या. ती एका न शिकलेल्या माणसाची आहे आणि तिच्यात आनंदही नाही.

आजोबांना तुरुंगाच्या गोष्टीही आवडत, भक्तीच्या संदर्भात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे ते अभिमानानं सांगायचे, जणू ते आमच्या मंडळीतच घडलं. आणि लगेच पौल आणि सीलाची गोष्ट जोडायचे: फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री हे दोघं देवाची स्तोत्रं गात होते. आम्ही विचारायचो, सुटका व्हावी म्हणून? "नाही रे," ते म्हणायचे, "सुटका नंतर झाली. गाणं आधी होतं." विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्टही त्यांची आवडती. तिनं प्रभूला विचारलं, भजायचं कुठं, या डोंगरावर की यरुशलेमात? त्याचं उत्तर डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही असं आलं. धुळ्याहून नवापूरच्या बाजूला वार्षिक सभेला गेलो की हे उत्तर आम्हाला दिसायचं. आंब्याच्या राईत उघड्यावर शेकडो माणसं, भिल्ल, मावची, कोकणी. बैलगाड्यांखाली झोपलेली, ढोलावर त्यांच्या बोलीत रात्र रात्र गाणारी. आम्हा गावच्या पोरांना शब्द कळत नसत. पाय मात्र आपसूक हलायचे, आणि आजोबा ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

आजीमाय गेली त्याला आता खूप वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण घरभक्तीला बसवलं की गीताच्या दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलायचे. आम्ही तिच्यासाठी बरं होणं मागत होतो. तिनं काय मागितलं कुणास ठाऊक.

आता आमच्या मुला-नातवंडांच्या चर्चमध्ये पडद्यावर गीतं येतात, ड्रम असतात, कीबोर्ड असतो. 'वर्शिप' म्हणजे उपदेशाआधीचा अर्धा तास, बाकी सगळं म्हणजे 'सर्व्हिस', अशी वाटणी झालीय. आम्हा म्हाताऱ्यांना तो आवाज सोसत नाही. पण खरं सांगायचं तर तक्रार आवाजापुरतीच. परवा जळगावच्या पुतण्याच्या मुलीला पाहिलं. डोळे मिटून, हात वर करून ती अर्धा तास गात होती आणि त्या अर्ध्या तासात तिनं देवाकडे एकही गोष्ट मागितली नाही. आजीमायनं तिला पास केलं असतं. फक्त नंतर खुर्च्या कोण उचलतं, पोरं कोण सांभाळतं, हेही तिनं पाहिलं असतं, आणि तिथं ड्रमवाल्याची खैर नव्हती.

आम्हा भावंडांचा व्हॉट्सअपवर एक गट आहे. रोज रात्री नऊला कुणीतरी एक वचन टाकतं. दोन शब्दांचं वचन टाकायला अजूनही बंदी आहे. अलीकडे त्यावर वाद पेटलाय तो टिळकांच्या एका भजनाच्या चालीवरून. धुळेकरांची चाल वेगळी, जळगावकरांची वेगळी, आणि दोन्ही बाजूंचा दावा की आजीमाय आपल्याच चालीनं म्हणायची. थोरल्यानं स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवलं, त्यावर जळगावहून ताबडतोब दुसरं आलं. या नाताळात सगळ्यांनी धुळ्याला जमून निकाल लावायचं ठरलंय. पेटी जळगावकर आणणार आहेत. तिचा एक सूर गेलेला आहे आणि नेमका कुठला, यावरही वाद आहेच.